वक्तृत्व म्हणजे शब्दांचे बुडबुडे?

‘हे नुसतं वक्तृत्व आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात तथ्य नाही असंच सुचवायचं असतं. हा समज जुना आहे. प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादात सॉक्रेटिस वक्तृत्वाला पाककलेच्या पंगतीला बसवतो. वैद्य कडू औषध देतो, आचारी जिभेचे चोचले पुरवतो. पंच म्हणून लहान मुलं बसवली, तर जिंकणार आचारीच. (वक्तृत्वाला नावं ठेवायलाही प्लेटोला दृष्टान्तच लागला, हे गमतीचं.) पण वैद्य हजर आहे आणि त्याला रोग कळलेला आहे, हे इथे गृहीत धरलंय. जर्मन तत्त्वज्ञ हान्स ब्लूमेनबर्ग यांनी 1971 मधल्या निबंधात नेमकं यावरच बोट ठेवलं. कोळ्याला जाळं विणायला कुणी शिकवत नाही. माणसाकडे असल्या उपजत प्रेरणा तोकड्या, म्हणून तत्त्वज्ञ आर्नोल्ड गेलेन यांनी 1940 मध्ये त्याला उणिवांचा प्राणी म्हटलं. युद्ध की तह, आरोपी दोषी की निर्दोष, हे पुरावा अपुरा असतानाही माणसाला ठरवावंच लागतं. तिथे एकमेकांना पटवण्यावाचून गत्यंतर नसतं.

प्रतीक म्हणजे आधीच कळलेल्या गोष्टीवरची नक्षी, हा दुसरा गैरसमज. तत्त्वज्ञ अर्न्स्ट कासिरर यांनी 1944 च्या ग्रंथात अंध आणि कर्णबधिर हेलन केलरचं उदाहरण घेतलं आहे. 1887 मध्ये पंपाचं पाणी एका हातावर पडत असताना दुसऱ्या तळव्यावर शिक्षिकेने ‘पाणी’ हा शब्द बोटांनी लिहिला. बोटांच्या खुणा हेलनला त्याआधीही येत होत्या, पण प्रत्येक वस्तूला नाव असतं, हे तिला त्या क्षणी उमगलं. मग ती दिसेल त्याचं, म्हणजे हाताला लागेल त्याचं, नाव विचारत सुटली. नाव मिळालं तशी दुनियाच हाती आली, नक्षी कसली? वक्तृत्वही याच जातीचं, प्रतीकांतूनच काम करणारं: हातघाईच्या जागी शब्द ठेवायचे, आणि विचाराला तेवढी सवड मिळवायची.

मग नाझींच्या भाषणांचं काय? आक्षेप वजनदार आहे. कासिरर यांना 1933 मध्ये जर्मनी सोडावी लागली. राजकीय मिथकं शस्त्रांसारखी आखून घडवली जातात, हे त्यांनीच दाखवलं. आई ज्यू वंशाची म्हणून ब्लूमेनबर्ग यांनाही विद्यापीठाची दारं बंद झाली होती, तेव्हा ते भाबडे होते असं म्हणता येणार नाही. माझ्या मते फरक प्रत्युत्तराचा आहे. उलट बोलणाऱ्याला तुरुंगात टाकलं की पटवणं संपतं, उरतो तो ध्वनिक्षेपकावरचा हुकूम. अथेन्सच्या न्यायालयात दोन्ही पक्षांना बोलायला सारखाच वेळ मिळे, आणि तो पाणघड्याळावर मोजला जाई.