रात्रीची साखर दिवसा राखायची

टाइप वन मधुमेह झालेल्या मुलाच्या आईला विचारा, चोवीस तासांतली कोणती वेळ सर्वांत जड जाते? ती जेवणाची किंवा इन्सुलिन टोचण्याची वेळ सांगणार नाही. ती सांगेल, दिवे मालवल्यानंतरची. मूल गाढ झोपलंय की बेशुद्धीकडे चाललंय, हे अंधारात कळत नाही. म्हणून ती उठते, कपाळावर हात फिरवते, घाम लागतो का पाहते आणि पुन्हा आडवी होते. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात, जिथे वाडीपासून दवाखाना घाटापलीकडे असतो आणि आषाढात रस्ता व वीज दोन्हींचा भरवसा नसतो, तिथे ही धास्ती दुप्पट होते.

तिची धास्ती निराधार नाही. अमेरिका आणि कॅनडात १४४१ रुग्णांवर झालेला टाइप वनचा मोठा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड, नसा वाचतात, हे त्याने सिद्ध केलं. पण काटेकोर उपचार घेणाऱ्यांत साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, हेही दाखवलं. याच अभ्यासातल्या गंभीर प्रसंगांपैकी ५५ टक्के झोपेत घडले होते. ४३ टक्के मध्यरात्र ते सकाळी आठ या वेळातले होते.

तरीही रात्री साखर उतरणं हा दैवाचा घाला नव्हे. त्याची कारणं बहुतेक वेळा आदल्या दुपारी-संध्याकाळीच घडून गेलेली असतात. ती ओळखली तर रात्र राखता येते.

शरीराची राखण कुठे कमी पडते

निरोगी माणसाची साखर उतरू लागली की आधी इन्सुलिन थांबतं. मग स्वादुपिंडातून ग्लुकागॉन आणि पाठोपाठ अॅड्रिनॅलिन सुटतं. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. टाइप वनमध्ये ही साखळी जागोजागी तुटलेली असते. टोचलेलं इन्सुलिन मागे घेता येत नाही. आजाराच्या काही वर्षांत ग्लुकागॉनचा प्रतिसाद मंदावतो. उरलेला आधार अॅड्रिनॅलिनचा. थरथर, धडधड, घाम, भूक ही धोक्याची सूचना तेच देतं. १९९८ मध्ये येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की झोपेत हा अॅड्रिनॅलिनचा प्रतिसादही क्षीण होतो. म्हणून दिवसा ‘शुगर लो झाली’ असं स्वतः सांगणारं मूल रात्री जागंच होत नाही.

रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की सावध व्हायचं. ५४ च्या खाली गेली की प्रकरण गंभीर. वारंवार साखर उतरत राहिली तर शरीर सूचना देणंच कमी करतं. त्यामुळे ‘थोडी उतरली होती, आपोआप वर आली’ म्हणून सोडून देऊ नये. ओला उशीचा अभ्रा, झोपेतलं बरळणं, दचकून रडणं, सकाळची डोकेदुखी आणि न उतरणारी सुस्ती या रात्रीच्या खुणा आहेत. असं मूल गावात ‘बाधा झाली’ म्हणून गाऱ्हाण्याला नेलं जाऊ शकतं. गाऱ्हाणं जरूर घाला. त्याआधी बोटातून एक थेंब रक्त तपासा.

इन्सुलिनचं वेळापत्रक

सरकारी पुरवठ्यात आणि स्वस्त उपचारात अजूनही दुधाळ दिसणारं एनपीएच किंवा ३०/७० चं मिश्रण मोठ्या प्रमाणात वापरलं जातं. एनपीएचचा जोर टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांत सर्वांत जास्त असतो. रात्री आठला जेवणाआधी टोचलं की तो जोर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत येतो, नेमका पोट रिकामं आणि मूल झोपेत असताना. हा डोस वेगळा करून झोपताना देण्याचा सल्ला अनेक डॉक्टर याच कारणाने देतात. तेव्हा जोर पहाटेकडे सरकतो. ग्लार्जीन किंवा डेग्लुडेकसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनला असा ठळक चढ नसतो, म्हणून त्यांच्यात रात्रीचे प्रसंग कमी होतात. बदल करायचा तो मात्र डॉक्टरांशी बोलूनच.

दुसरी गोष्ट सुईची. आपल्याकडे साध्या कुप्यांतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनातलं इन्सुलिन १०० युनिटचं. त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपीची. पेनाच्या काडतुसातलं औषध लाल टोपीच्या सिरिंजने ओढलं तर खुणेवर १० युनिट दिसतात आणि शरीरात जातात २५. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात हाहाकार केला, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा दिवसांत नेहमीचं पेन हरवतं, मिळेल ती कुपी आणि मिळेल ती सुई हाती येते. टोपीचा रंग आणि कुपीवरचा आकडा जुळतोय का, हे बघायची सवय शांत दिवसांतच लावून घ्यावी. रोज एकाच जागी टोचून कातडीखाली गाठ झाली असेल तर जागा बदलल्यावर तेच इन्सुलिन अधिक वेगाने शोषलं जातं, हेही ध्यानात ठेवावं.

लावणी, जाखडी, शिमगा

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात २००७ मध्ये टाइप वनच्या किशोरवयीन मुलांना दुपारी पाऊण तास सायकल चालवायला लावली गेली. त्यांच्या शरीराची साखरेची मागणी दोनदा वाढली: व्यायामाच्या वेळी आणि पुन्हा ७ ते ११ तासांनी. चार वाजता खेळलेल्या खेळाची किंमत शरीर रात्री अकरा ते पहाटे तीनच्या दरम्यान वसूल करतं. रिकामे झालेले स्नायू आणि यकृत साखर भरून घेत असतात.

कोकणात हे गणित रोजचं आहे. जुलैत दिवसभर चिखलात वाकून भाताची लावणी, गणपतीत रात्र जागवणारी जाखडी, शिमग्यात पालखी नाचवणं, शाळेच्या मैदानावर कबड्डी. मुलाला यातून वगळायचं कारण नाही, वगळू नये. ज्या दिवशी अंगमेहनत नेहमीपेक्षा जास्त झाली, त्या रात्रीची तयारी वेगळी. रात्रीचा डोस किती कमी करायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. झोपताना साखर तपासावी आणि ती शंभर-सव्वाशेच्या खाली असेल तर दूध-भाकरीसारखं सावकाश पचणारं काही द्यावं. रात्री दोन-तीनला एकदा बोटातून रक्त काढून साखर पाहावी. संध्याकाळचं जेवण टाळणारे उपवास इन्सुलिन न बदलता करू नयेत. मोठ्या रुग्णांनी दारूच्या बाबतीतही सावध राहावं. मद्य यकृताला नवी साखर बनवू देत नाही, आणि झिंग व साखर उतरणं बाहेरून सारखंच दिसतं.

रात्री अडीच वाजता

मूल जागं आहे आणि गिळू शकतंय, तर लगेच साखर द्या. मोठ्या मुलाला १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार सपाट चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून. लहानांना वजनाप्रमाणे, किलोमागे सुमारे ०.३ ग्रॅम, २० किलोच्या मुलाला ६ ग्रॅम, सपाट दीड चमचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. साखर वर आल्यावर थोडी भाकरी किंवा बिस्किट. चॉकलेट, पेढा, आंबा पहिल्या क्षणी नको, कारण स्निग्धांश व चोथ्यामुळे त्यांची साखर उशिरा पोचते.

आपल्या घरात एक घोटाळा सहज होऊ शकतो. अमृत कोकम साखरेच्या पाकातलं असतं, ते चालतं. कोकमाचा आगळ मिठातला असतो, त्यात साखर घातलेली नसते. अंधारात दोन्ही बाटल्या सारख्या लाल दिसतात. उशाशी ठेवायची ती पुडी ग्लुकोजचीच असू द्या, तिच्यावर ‘शुगर लो’ असं ठळक लिहा आणि घरातल्या आजीआजोबांनाही दाखवून ठेवा.

बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका. कुशीवर वळवा. घरी ग्लुकागॉन असेल तर टोचा. २५ किलोच्या आतल्या मुलाला अर्धा मिलिग्रॅम, त्याहून जास्त वजनाच्या मुलाला एक मिलिग्रॅम. नसेल तर गालाच्या आतून थोडा मध किंवा साखर चोळत १०८ ला फोन करा, शिरेतून ग्लुकोज मिळेल तिथे न्या.

सकाळी साखर चढलेली दिसली की ‘रात्री उतरली असणार’ असं धरून डोस कमी करणं किंवा ‘कमी पडलं’ म्हणून वाढवणं, दोन्ही अंदाजच. रात्री उतरलेली साखर सकाळी उलटी उसळून चढते, ही शास्त्रज्ञ मायकल सोमोजी यांनी १९३८ मध्ये मांडलेली कल्पना सतत मापन करणाऱ्या सेन्सरच्या काळात फारशी टिकलेली नाही. पहाटे तीनची एक पट्टी खर्च करून आकडा पाहिला की वाद मिटतो. दंडावरचा सेन्सर धोक्याआधी घंटा वाजवतो आणि आईला झोप परत देतो. पण त्याची किंमत मासेमारी किंवा मजुरीवर चालणाऱ्या घराला झेपणारी नाही.

एकट्या आईवर नको

छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांच्या ‘उडान’ संस्थेने मराठवाड्यातल्या टाइप वनच्या मुलांसाठी उपचार आणि कुटुंबाचं शिक्षण हे काम उभं केलं आहे. केरळ सरकारची ‘मिठायी’ योजना अशा मुलांना मोफत इन्सुलिन आणि साधनं पुरवते. रत्नागिरीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, वाडीवाडीत आशाताई आहेत. लागतं ते यांना जोडणारं साधं काम: जिल्ह्यातल्या प्रत्येक टाइप वन मुलाची नोंद, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीच्या पट्ट्या आणि ग्लुकागॉन, शाळेतल्या एका तरी शिक्षकाला प्रशिक्षण, आणि आशाताईच्या वहीत त्या घराचं नाव.

वाचकांना विनंती आहे. तुमच्या वाडीत, नात्यात, वर्गात असं एखादं मूल असेल तर त्याच्या आईबापांना विचारा, साखर उतरली तर काय करायचं, आणि ते शिकून घ्या. पुढच्या ग्रामसभेत आरोग्य केंद्रातल्या पट्ट्यांचा आणि ग्लुकागॉनचा विषय मांडा. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं ते जानेवारी १९२२ मध्ये. शंभरहून अधिक वर्षांनंतर, तीन चमचे साखर वेळेवर मिळाली नाही म्हणून कोकणातलं एकही मूल जाता कामा नये.