मार्सेलिसचे प्रकरण आणि पोलिसी सहकार्याची मर्यादा

राज्याच्या पोलिसांची सत्ता त्या राज्याच्या सीमेशी संपते. सीमेपलीकडे त्यांना जे साधते ते विनंतीच्या बळावर. आणि विनंतीचे शब्द नेमके कोणते होते, यावर त्या बळाचा विस्तार ठरतो. या तत्त्वाची कसोटी १९१० साली मार्सेलिस बंदरात लागली. विनायक दामोदर सावरकरांच्या उडीची हकीकत महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. तिच्यामागील पत्रव्यवहार मात्र तितकासा परिचित नाही.

२९ जून १९१० रोजी लंडनच्या पोलीस आयुक्तांनी पॅरिसच्या पोलीसखात्याच्या संचालकांस कळविले की, सावरकरांना हिंदुस्थानात नेणारी ‘मोरिया’ आगबोट ७ किंवा ८ जुलैला मार्सेलिसला लागेल. तेथे काही अनिष्ट प्रकार घडू नये, एवढ्यापुरतेच हे सहकार्य होते. ८ जुलैला सावरकर पोहून किनाऱ्याला लागले. धावत असता फ्रेंच सागरी पोलिसांतील एका ‘ब्रिगादिए’ने त्यांना पकडले. (हे दुय्यम अंमलदाराचे पद होय; त्याचा ‘ब्रिगेडियर’ करणे हास्यास्पद आहे.) बोटीवरून आलेल्या हिंदी पोलिसांच्या साहाय्याने त्याने त्यांना परत बोटीवर पोहोचविले. वस्तुतः फ्रान्सच्या भूमीवर पाऊल पडताच प्रश्न प्रत्यर्पणाचा झाला होता. त्यास करार हवा, रीतसर चौकशी हवी, अपराध राजकीय आहे काय याचा विचार हवा. ते सारे दंड धरून काही मिनिटांत उरकले गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोट निघून गेली.

फ्रान्सने कैदी परत मागितला. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी निर्णय दिला: कैदी सोपविण्यात अनियमितता झाली खरी, परंतु बळ वा कपट योजलेले नव्हते, ब्रिटिश पोलिसांचा सद्भाव शंकास्पद नव्हता, म्हणून कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. युक्तिवाद बांधेसूद आहे, पण त्यात एक पोकळी राहते. वादी-प्रतिवादी दोन्ही राज्येच होती. ज्याचा दंड धरला गेला त्याच्या हक्काची विचारणा करण्यास तेथे कोणी नव्हते.

१९२३ साली व्हिएन्ना येथे आरंभ झालेल्या व आज १९६ सदस्यदेश असलेल्या इंटरपोलचे स्वतःचे अटक करणारे पोलीस नाहीत. वृत्तपत्रे ‘रेड कॉर्नर नोटिशी’ला जागतिक वॉरंट म्हणतात, तो शब्दांचा घोटाळा आहे. नोटीस ही विनंती. तिच्यावरून अटक करावी की नाही, हे प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवितो. शिवाय संघटनेच्या घटनेतील ३ऱ्या कलमाने राजकीय, लष्करी, धार्मिक व वांशिक स्वरूपाची प्रकरणे तिला वर्ज्य केली आहेत. सावरकरांवरील राजद्रोहाचा आरोप या कलमात निश्चितच अडकला असता. खुनास साहाय्य केल्याच्या आरोपाचे मात्र प्रधान स्वरूप कोणते, हे तपासावे लागले असते. आणि तसे तपासण्यास वेळ लागतो. मार्सेलिसला तो कोणी दिला नाही.