मेयो : एका परगण्याने जगाला दिलेला शब्द

अजमेरच्या मेयो कॉलेजचे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकलेले असेल. १८७२ साली अंदमानात ज्यांचा खून झाला, त्या व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचे ते स्मारक. परंतु लॉर्डसाहेबांच्या किताबातील हा मेयो म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक परगणा. आपल्याकडचा जिल्हाच म्हणा ना. या परगण्याने लॉर्डाच्या किताबाला नाव दिले, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जगातील दुबळ्यांच्या हाती एक शब्द दिला. त्या शब्दाची हकिकत आम्हांस येथे सांगावयाची आहे.

मेयोची जमीन बरीचशी खडकाळ व दलदलीची. गरिबाचे अन्न एकच, बटाटा. १८४५ पासून त्या पिकावर रोग पडला आणि भयंकर दुष्काळ ओढवला. १८४१ साली या परगण्याची वस्ती सुमारे ३ लाख ८९ हजार होती. २०२२ च्या शिरगणतीत ती १ लाख ३८ हजारांच्या आसपास भरली. पावणेदोनशे वर्षे लोटली, तरी ती तूट भरून आलेली नाही!

या दुष्काळातच, १८४६ साली, स्ट्रेड गावी मायकेल डेव्हिट जन्मला. खंड थकला म्हणून जमीनदाराने त्याच्या कुटुंबाला घराबाहेर काढले. इंग्लंडमधील कापडगिरणीत अकराव्या वर्षी त्याचा उजवा हात गेला. या एका हाताच्या माणसाने १८७९ साली मेयोत कुळांची चळवळ उभी केली. तिच्यातूनच त्या वर्षी आयर्लंडची 'लँड लीग' निघाली.

पुढल्याच वर्षी कसोटीची वेळ आली. लॉर्ड अर्न यांचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा मेयोतील मास्क सरोवराकाठी राहत असे. कुळांनी खंडात सूट मागितली; त्याने हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. लोकांनी काय केले? दंगा नव्हे, खून नव्हे. गडीमाणसे काम सोडून गेली, दुकानदार माल देईनात, टपाल पोचेना. शेतात उभे पीक काढण्यास बाहेरगावचे पन्नास मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणास सुमारे एक हजार शिपाई. पाचशे पौंडांच्या आतबाहेरच्या पिकापायी अंदाजे दहा हजार पौंडांचा चुराडा झाला! वर्ष संपण्यापूर्वी कॅप्टनसाहेब आयर्लंड सोडून गेले; मागे राहिले ते त्यांचे आडनाव. या कृतीला साध्या शेतकऱ्याच्या तोंडी बसेल असा शब्द हवा होता. तो फादर जॉन ओमॅली या गावच्या पाद्र्याने सुचविला, असे सांगतात. 'बॉयकॉट' तो हाच.

शब्द मेयोचा खरा, पण युक्ती केवळ तेथलीच नव्हे. त्याआधी सहा वर्षे, १८७४ च्या अखेरीस, आपल्या शिरूर तालुक्यातील करडे गावी रयतेने सावकारांशी व्यवहार तोडला होता. न्हाव्याने हजामत करू नये, परटाने कपडे धुऊ नयेत, असे ठरले. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची ती नांदी होती. दोन्हीकडील रयतेला हे एकच शस्त्र सापडावे, यात नवल नाही. ज्याच्यापाशी दुसरे काही नसते, त्याच्यापाशी स्वतःचे श्रम रोखून धरण्याची शक्ती तरी असतेच.

मेयोची इतर माणसेही अशीच, मोठ्या सत्तेपुढे न दबणारी. ग्रेस ओमॅली ही दर्यावर्दी स्त्री १५९३ साली आपल्या मुलाच्या सुटकेसाठी थेट एलिझाबेथ राणीस भेटली. ब्लॅकसॉड येथील टपालघरातील एका तरुणीने जून १९४४ मध्ये नोंदविलेल्या हवामानामुळे नॉर्मंडीवरील स्वारी एक दिवस पुढे ढकलली गेली. आणि १९९० साली आयर्लंडच्या पहिल्या स्त्री-राष्ट्राध्यक्षा झालेल्या मेरी रॉबिन्सन याही मेयोच्याच, बॅलिना गावच्या.

तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाही. हे शस्त्र दुधारी आहे. मेयोत ते दुबळ्यांनी बलवंतावर उगारले. आपल्याकडे वाळीत टाकण्याचा मार बहुधा दुबळ्यांवरच पडत आला. म्हणूनच महाराष्ट्रास २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा पुढच्या वेळी 'बहिष्कार' हा शब्द कानी पडेल, तेव्हा तो कोण कोणावर घालीत आहे, एवढे आधी पाहावे.