दुसरे घर आणि त्याचा जमाखर्च

राहते घर एकदाचे कर्जमुक्त झाले, मुले आपापल्या मार्गाला लागली आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम बँकेच्या खात्यात येऊन विसावली, म्हणजे आपल्याकडील मध्यमवर्गीय गृहस्थाच्या मनात जो संकल्प सर्वप्रथम मूळ धरतो तो दुसऱ्या घराचा असतो. रोखेबाजार त्याला जुगारासारखा वाटतो आणि ठेवीवरचे व्याज महागाई गिळून टाकते असा त्याचा अनुभव असतो. घर मात्र डोळ्यांना दिसते, त्याला कुलूप लावता येते, आणि ज्याला कुलूप लावता येते ते सुरक्षित असते अशी त्याची पिढीजात समजूत आहे. या समजुतीत तथ्य नाही असे नव्हे. परंतु जो मनुष्य मंडईत मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून हुज्जत घालतो, तोच साठ लाखांचा व्यवहार करताना कागदावर चार आकडे मांडून पाहण्याची तसदी घेत नाही, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

ते आकडे एकदा मांडूनच पाहू. पुण्याच्या उपनगरात, महापालिकेच्या हद्दीत, साठ लाखांची तयार सदनिका घेतली असे समजा. सध्याच्या दराने मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे चार लाख वीस हजार. नोंदणी शुल्क तीस हजार. दलाली एक टक्का धरली तरी साठ हजार. म्हणजे किल्ली हातात पडेपर्यंत घर पासष्ट लाख दहा हजारांना पडले. भाडे दरमहा सोळा हजार मिळेल असे दलाल सांगतो, आणि खरेदीदार लागलीच वर्षाचे एक लाख ब्याण्णव हजार असा गुणाकार करून साठ लाखांवर ३.२ टक्के उत्पन्न धरून चालतो. पण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षातून एखादा महिना घर रिकामे राहते. तेव्हा वसूल एक लाख शहात्तर हजारच. त्यातून गृहनिर्माण संस्थेची वर्गणी तीस हजार आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारे बिनभोगवटा शुल्क सुमारे अडीच हजार जाते. हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, असा शासनाचा २००१ सालचा आदेश आहे, तो ध्यानात ठेवावा. मिळकतकर बारा हजार धरू. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका करआकारणीत जी ४० टक्के सवलत देते ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही. रंगरंगोटी, नळ, गीझर यांची किरकोळ दुरुस्ती दहा हजार आणि नव्या भाडेकरूपायी दलाली आठ हजार. हा सारा खर्चवेच जाता हाती उरतात एक लाख साडेतेरा हजार, म्हणजे गुंतवलेल्या पासष्ट लाखांवर जेमतेम पावणेदोन टक्के, आणि तेही प्राप्तिकर भरण्यापूर्वी. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापल्या गावचे घालून वाचकांनी हाच हिशेब पुन्हा करावा. उत्तरात फार फरक पडेल असे मला वाटत नाही.

यावर ठरलेले प्रत्युत्तर असते, की भाड्याकरिता घर कोण घेतो, घर घ्यायचे ते भाववाढीकरिता. तेव्हा भाववाढीचाही हिशेब पाहिला पाहिजे. ‘दहा वर्षांत दुप्पट झाले’ असे जे अभिमानाने सांगितले जाते, त्याचा अर्थ चक्रवाढीने सालीना सव्वासात टक्क्यांच्या आतबाहेर एवढाच होतो. पंधरा वर्षांत दुप्पट झाले असेल तर पावणेपाच टक्केही होत नाहीत. घराच्या किमतीच्या आठवणीत दोनच आकडे राहतात, घेतल्याचा आणि विकल्याचा. मधल्या काळात भरलेला कर, वर्गणी, गळकी गच्ची दुरुस्त करण्यासाठी काढलेली खास पट्टी यांचे कोणालाच स्मरण नसते. आणि कर्ज काढून घर घेतले असेल तर प्रकरण आणखी बिकट होते. अठ्ठेचाळीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच चार लाखांच्या घरात जाते. वर काढलेले निव्वळ भाडे त्यातून वजा केले तरी जवळजवळ तीन लाख रुपये दरसाल पदरचे घालावे लागतात. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ हे वाक्य मुंबई-पुण्याच्या निवासी घरांपुरते तरी बहुतांशी असत्य आहे, आणि ते उच्चारणारा दलाल असेल तर ते असत्य आहे हे त्यालाही ठाऊक असते.

याचा अर्थ दुसरे घर घेऊच नये असा नाही. जेथे भाड्याची मागणी बारमाही आहे, म्हणजे रुग्णालय, महाविद्यालय, औद्योगिक वसाहत किंवा रेल्वे स्थानक यांच्या पायी अंतरावर, तेथील एका शयनगृहाची जुनी पण निकोप सदनिका, दूरच्या डोंगरपायथ्याच्या तरणतलाव-क्लबगृहयुक्त प्रशस्त संकुलापेक्षा अनेकदा अधिक उत्पन्न देते. लहान घराची किंमत जितकी कमी असते त्या मानाने भाडे कमी नसते, हे या व्यवसायातले जुने आणि बहुतेक ठिकाणी टिकून राहिलेले निरीक्षण आहे. शिवाय तरणतलावाचे पाणी भाडेकरू उपभोगतो आणि त्याची वर्गणी मालक भरतो.

परंतु घर घेऊनही ते भाड्याने न देता कुलूपबंद ठेवणारे मालक आपल्याकडे विपुल आहेत. ‘भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही’ या भीतीला इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय ती भीती जाणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. युद्धोत्तर टंचाईत गरीब भाडेकरूला संरक्षण देणे हा हेतू न्याय्यच होता. परंतु तात्पुरती म्हणून केलेली व्यवस्था मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत अर्धशतक टिकली, आणि ज्या मुंबईत सावकार-व्यापाऱ्यांनी भाड्याच्या उत्पन्नासाठी चाळीमागून चाळी बांधल्या होत्या, तेथे भाड्याने देण्यासाठी घर बांधणे हा धंदाच संपुष्टात आला. पागडी बोकाळली, आणि मालकी सदनिकांचे युग सुरू झाले, ज्याच्या नियमनासाठी १९६३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. भाडेकरार टाळून मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट काढली, तर १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अशा परवानाधारकांना एका फटक्यात भाडेकरूंचा दर्जा बहाल केला. ज्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी हा दिवस पाहिला त्या घरांतून भाडेकरूची धास्ती वारशासारखी उतरत आली, यात नवल नाही. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही भाडे-गोठवणूक आता वाजवी उरली नसल्याचे मत नोंदवले, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून साऱ्या राज्याला लागू झाला.

आजच्या छोट्या मालकाने ज्या कायद्याकडे पाहायचे तो हा. त्याच्या कलम २४ अन्वये लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध दिवाणी न्यायालयातील दीर्घसूत्री दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. पण या संरक्षणाला कागदाची अट आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तुरुंगवासाची किंवा दंडाची शिक्षा तर आहेच, पण त्याहून जाचक गोष्ट अशी, की पुढे तंटा झाल्यास, विरुद्ध पुरावा आल्याखेरीज, कराराच्या शर्तींविषयी भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते. अकरा महिन्यांचा करार असला म्हणजे नोंदणी नको, हा समज महाराष्ट्रात सर्वस्वी चुकीचा आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमात वर्षाच्या आतील भाडेपट्ट्यांना मोकळीक आहे, तिच्यावरून तो रूढ झाला; आपल्या राज्यात एका महिन्याचा करारही नोंदवावा लागतो.

आणि हे ज्या खर्चाच्या भीतीने टाळले जाते तो खर्च तरी किती? एकूण भाडे, अधिक परत करावयाच्या अनामतीवर सालीना दहा टक्के धरलेले काल्पनिक व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. सोळा हजार भाडे, पन्नास हजार अनामत आणि दोन वर्षांची मुदत असेल तर ते हजार रुपयांच्या आत बसते. शहरी भागात नोंदणी शुल्क आणखी एक हजार. नोंदणी घरबसल्या अंगठ्याचा ठसा देऊन करता येते. एवढ्यासाठी साठ लाखांची मिळकत पाचशेच्या मुद्रांकावरील बिननोंदणी मजकुराच्या भरवशावर सोडणे याला काटकसर म्हणता येणार नाही. करारात फर्निचरची यादी, वीजबिल कोणी भरायचे, मुदतीपूर्वी घर सोडण्याची नोटीस किती दिवसांची आणि अनामतीतून काय कापता येईल हे स्पष्ट लिहावे, आणि कराराची प्रत संस्थेकडे व भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो, ही दंतकथाही येथेच निकालात काढली पाहिजे: मालकाच्या अनुमतीने असलेला कब्जा हा विरोधी कब्जा नव्हे, आणि बारा वर्षांची मुदत विरोधी कब्जाला आहे.

खरेदीच्या वेळच्या कागदांकडे वळताना प्रथम एक सांगितले पाहिजे, की विसार देण्यापूर्वी पाहायचे कागद लोक विसार दिल्यानंतर मागतात, आणि मग दिलेले दोन लाख बुडतील या धास्तीने उणिवांकडे काणाडोळा करतात. जुनी सदनिका घेताना मूळ खरेदीखतापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची दस्तांची अखंड साखळी, प्रत्येक दस्ताचा इंडेक्स टू, संस्थेचे भागपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि मिळकतीवर बँकेचा बोजा नसल्याची खात्री हवी. त्यासाठी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. भोगवटा प्रमाणपत्राची नक्कल अवश्य मागावी. जमीन अजून विकासकाच्या नावावर आहे की अभिहस्तांतरण होऊन संस्थेच्या नावे लागली आहे, हे मिळकत पत्रिका किंवा सातबारा पाहून कळते. ‘पुनर्विकासात मोठे घर मिळेल’ या आशेवर जुन्या इमारतीत जादा भाव मोजणाऱ्याने तर हा प्रश्न सर्वांआधी विचारावा, कारण जमीन नावावर नसली की मानीव अभिहस्तांतरणाच्या खेपा आधी घालाव्या लागतात. हस्तांतर शुल्क म्हणून संस्थेने महापालिका क्षेत्रात पंचवीस हजारांहून अधिक मागितले, मग त्याला देणगी म्हणा वा विकासनिधी, तर ते देण्यास आपण बांधील नाही.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात जोखीम निराळी. १ मे २०१७ पासून महारेराचा अंमल सुरू झाल्यानंतर नोंदणीवाचून प्रकल्पाची जाहिरात वा विक्री करता येत नाही, साठेखत नोंदवल्याखेरीज किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांतील ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा लांबल्यास व्याजासह परतावा मागण्याचा हक्कही आहे. मात्र हक्क असणे आणि वसुली होणे यांत अंतर असते. तेव्हा निवृत्तीची पुंजी असेल तर माझे मत निःसंदिग्धपणे तयार घराच्या बाजूने आहे, कारण पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला वस्तू व सेवा करही लागत नाही. ताबा मिळेपर्यंत दरमहा ‘हमखास’ परतावा देऊ करणाऱ्या विकासकापासून चार हात दूर राहावे. तो परतावा बहुधा आपल्याच किमतीत आधी मिळवलेला असतो. शेतजमिनीतल्या गुंठ्या-गुंठ्याच्या तुकड्यांविषयी एवढेच, की शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही, आणि बिगरशेती आदेश व मंजूर रेखांकन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कराच्या बाबतीत भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्ष दुरुस्तीला काहीही खर्च झालेला असो. परंतु नव्या करप्रणालीत, कर्जाचे व्याज भाड्याहून अधिक झाले तर तो तोटा पगारातून वजा करता येत नाही, हे ‘कर वाचवण्यासाठी’ दुसरे घर घेणाऱ्यांनी आधी समजून घ्यावे.

राहता राहिली एक गोष्ट, जिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. दुसरे घर हे वारसांतील कज्जाचे हमखास कारण ठरते, कारण राहत्या घरात कोणीतरी राहत असतो आणि या घरात कोणीच राहत नसतो. संस्थेकडे नामनिर्देशन भरले म्हणजे काम झाले असे पुष्कळांना वाटते. वास्तविक नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे संस्था भाग वर्ग करते, पण मालकी हक्क ठरतो तो वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने. म्हणून खरेदीखत नोंदवून आल्यावर फार दिवस न दवडता मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि त्याची नोंदणीही ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र त्यावर असल्याच पाहिजेत.