सीताफळाची छाटणी वेळेवर करा



आपल्या पाटोद्याच्या बालाघाट डोंगरात सीताफळ आपोआप येते, म्हणून त्याला हात लावायचा नाही, असे पुष्कळजण म्हणतात. मग झाड झुडपासारखे दाटते, ऊन आत शिरत नाही अन् फळे बारीक राहतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण बारीक फळाला बाजारात भाव नाही.

लहान झाड : जमिनीपासून दोन फूट एकच खोड राखा. वर चारी बाजूंना ३-४ फांद्या ठेवा, बुडातले फुटवे काढा.

मोठे झाड : पानगळ झाल्यावर, नवी पालवी फुटण्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी करा. वाळलेल्या, रोगट अन् एकमेकींत घुसलेल्या फांद्या धारदार कात्रीने काढा. झाडावर वाळलेली काळी फळे गोळा करून जाळा. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावा. प्रमाण : मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. लोखंडी भांडे वापरू नका.

मात्र झाड एकदम बोडके करू नका, नाहीतर त्या वर्षीची फळे हातची जातील. यंदा दोन झाडे छाटून बघा, शेजारच्या न छाटलेल्या झाडाशी फळे ताडून पाहा. मग बाकीची छाटा.