भूल देण्यापूर्वी घोरण्याची चौकशी

शिरूर किंवा दौंडच्या एखाद्या गावातून गुडघ्याच्या, हर्नियाच्या किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला निघताना फाइल जय्यत तयार असते. रक्ततपासणी, ईसीजी, आधार कार्ड, काहीही राहिलेले नसते. राहते ते एवढेच, की वडील झोपेत श्वास कसा घेतात. ते ठाऊक असते आईंना. आणि त्या बहुधा गुरांपाशी घरीच थांबलेल्या असतात. सोबत गेलेला मुलगा कित्येक वर्षांत वडिलांच्या खोलीत झोपलेला नसतो. भूलतज्ज्ञांनी विचारले तर तो सांगतो, "थोडंफार घोरतात, पण झोप अगदी गाढ आहे."

ती झोप गाढ नसते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, घोरणे एकाएकी थांबते, दहा सेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटला की मेंदू दचकून जागा होतो आणि मोठ्या घुर्र आवाजासह श्वास पुन्हा सुरू होतो. हाच स्लीप अ‍ॅप्निया. भुलीची व गुंगीची औषधे, तसेच मॉर्फिनसारखी वेदनाशामके ते स्नायू आणखी सैल करतात आणि मेंदूचे हे दचकणेही बोथट करतात. म्हणूनच धोका केवळ शस्त्रक्रियेच्या टेबलावर नसतो. तो नंतरच्या रात्रींतही असतो.

टोरांटोच्या भूलतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 'स्टॉप-बँग' ही आठ प्रश्नांची चाचणी मांडली. बंद दाराबाहेर ऐकू येईल असे घोरणे, दिवसा थकवा किंवा पेंग, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिलेले असणे, उच्च रक्तदाब, 35 पेक्षा अधिक बीएमआय, 50 पेक्षा अधिक वय, 40 सेंटिमीटरहून जाड मान आणि पुरुष असणे. तीन 'हो' आले की सावध व्हावे, पाच आले तर धोका मोठा. आपल्यापैकी अनेक आजोबांचे वय, रक्तदाब आणि पुरुषपण मिळून तीन आधीच भरतात. त्याने घाबरू नये. ही चाळणी आहे, निदान नव्हे. स्त्रियांमध्येही रजोनिवृत्तीनंतर हा विकार वाढतो, परंतु आजींच्या घोरण्याचा विषय काढणे घरात अप्रशस्त समजले जाते.

संशय आला म्हणून शस्त्रक्रिया रद्दच होते असे नाही. भूलतज्ज्ञ शक्य तेथे कमरेतून भूल देतात, गुंगीची औषधे आवरतात, रुग्ण पूर्ण जागा झाल्यावरच नळी काढतात, उशाकडची बाजू उंच ठेवतात आणि रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर लावून ठेवतात. गरज भासल्यास आधी झोपेची तपासणी करवून घेतात. रुग्ण सीपॅप यंत्र वापरत असेल तर ते मास्कसह रुग्णालयात न्यावे. ते घरी विसरणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. घरी परतल्यावर झोपेची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये, मद्य तर नाहीच.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली, की पहाटेच्या वेळी, रुग्ण उताणा झोपलेला असताना, दोन-तीन मिनिटांचे मोबाइल चित्रण करून ठेवावे. आणि भूलतज्ज्ञांसमोर बसल्यावर, आई सोबत नसतील, तर तेथूनच त्यांना फोन लावून द्यावा.