दुखत नाही म्हणून सोडू नका: मुलांच्या जबड्यातल्या गाठी

शिरूरच्या बाजारात किंवा दौंड स्टेशनबाहेर एखाद्या पोराचा एकच गाल फुगलेला दिसला, की बघणारा प्रत्येक जण निदान करून मोकळा होतो. एकाला ते गालगुंड वाटतं, दुसऱ्याला किडलेली दाढ, तिसरा आवाज खाली आणून कॅन्सरचं नाव घेतो. घरी तोवर हळद-चुन्याचा लेप चढलेला असतो, क्वचित बिब्बाही. बिब्ब्याने गाठ जात नाही, कातडी मात्र भाजते. मुलांच्या जबड्यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण म्हणून त्या तशाच ठेवण्यासारख्याही नसतात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

“दुखत नाही ना? मग राहू दे.”

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. किडलेल्या दाढेचा पू ठणकतो, ताप आणतो, घरादाराला झोपू देत नाही, म्हणून आईबाप दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठतात. हाडाच्या आत वाढणारी पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, सहसा दुखतच नाही. ती हाड आतून पोखरत, दातांना बाजूला सारत महिनोन् महिने वाढते. गालावर सूज दिसेपर्यंत बाहेरचं हाड इतकं पातळ झालेलं असू शकतं, की बोटाने दाबलं तर अंड्याच्या टरफलासारखं आत दबतं.

सुजेच्या आधी अनेकदा तोंडात एक खूण दिसते, ती म्हणजे वेळेवर न आलेला दात. खालचे पुढचे कायमचे दात 6-7 वर्षांना येतात, वरचे मधले दोन 7-8 ला, वरचे सुळे 11-12 च्या सुमारास. थोडं मागेपुढे होतंच. पण एका बाजूचा दात येऊन 6 महिने उलटले आणि दुसऱ्या बाजूच्या जोडीदाराचा पत्ता नाही, तर “उशिरा येईल” म्हणून गप्प बसू नये. न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती पाणी साठून होणारी डेंटिजेरस सिस्ट काय, किंवा दाताच्याच घटकांचा वेडावाकडा गोळा, म्हणजे ओडोंटोमा काय, दोन्ही पुष्कळदा अशा हरवलेल्या दाताच्या शोधातच सापडतात.

त्यासाठी लागतो ओपीजी, संपूर्ण जबड्याचा एक्स-रे. मूल उभं राहतं, हनुवटी टेकवतं, प्लॅस्टिकचा तुकडा दातांत धरतं, यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि 20 सेकंदांच्या आत काम होतं. दुधाच्या दातांखाली लपलेले कायमचे दात एकाच चित्रात दिसतात. किरणांची धास्ती घेणाऱ्यांसाठी सांगतो: निसर्गातून आपल्याला काही दिवसांत जितके किरण मिळतात, साधारण तितकेच एका ओपीजीत मिळतात. उगाच दर महिन्याला काढू नये, पण गरज असताना टाळूही नये.

बाळाच्या हिरडीवर, दात येण्याच्या जागी दिसणारा निळसर फुगा मात्र वेगळा. तो इरप्शन सिस्ट. दात वर आला की बहुधा आपोआप फुटतो. आजीने नखाने फोडायची गरज नाही.

“गाठ म्हणजे कॅन्सरच.”

जुलै 2014 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातल्या एका 17 वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया झाली. त्याचा जबडा सुमारे दीड वर्ष सुजलेला होता, गावाकडे निदान होत नव्हतं, आणि कॅन्सर तर नसेल या भीतीने वडिलांनी मुंबई गाठली. निघाला ओडोंटोमा. सुमारे सात तासांच्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी दातांसारखे 232 तुकडे मोजले, आणि आतला कठीण गोळा काढायला छिन्नी-हातोडी वापरावी लागली. जबड्याचं हाड शाबूत राहिलं. पाच वर्षांनी चेन्नईच्या सवीता डेंटल कॉलेजमध्ये 7 वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून असेच 526 तुकडे निघाले. त्याची सूज घरच्यांना तो 3 वर्षांचा असतानाच दिसली होती.

वर्तमानपत्रांनी दोन्ही बातम्या चमत्काराच्या थाटात छापल्या. माझ्या मते त्यात मोजायची गोष्ट दातांची संख्या नाही, वाया गेलेली वर्षं आहेत.

“सुई लावली, लोखंड लागलं, की गाठ पसरते.”

पसरत नाही. तुकडा काढून तपासल्याने, म्हणजे बायोप्सीने, साधी गाठ कॅन्सरची होत नाही. उलट एक्स-रेवर सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींचे उपचार अगदी वेगळे असू शकतात. डेंटिजेरस सिस्टसारखी दिसणारी गाठ कधी अमेलोब्लास्टोमा निघते. तीही साधीच, पण हट्टी आणि हाड खाणारी. तिचं नाव सूक्ष्मदर्शकाखालीच पक्कं होतं. तुकड्यात हाड असेल तर ते आधी मऊ करावं लागतं, म्हणून रिपोर्टला वेळ लागतो. त्यात काही लपवाछपवी नसते.

या भीतीत एक दाणा मात्र खरा आहे. जबड्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असलेली गाठ असेल आणि न तपासता तिथला हलणारा दात उपटला, तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. म्हणूनच जाणता सर्जन आधी बारीक सुईने आत काय आहे ते ओढून पाहतो. पिवळसर पाणी आलं तर सिस्टचा संशय बळावतो, आणि भळाभळा रक्त आलं तर तो हात थांबवतो. सुई घाबरण्याची गोष्ट नाही, ती राखणदार आहे. हलणारा दात बाजारात बसणाऱ्या कुणाकडून उपटून घेणं, ही खरी घाबरण्याची गोष्ट.

“दुधाची दाढ, पडणारच आहे.”

पडणार आहे, पण तिच्या मुळाशी साचलेला पू खालच्या कायमच्या दाताच्या पिशवीला चिथावून सिस्ट तयार करू शकतो. दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिकचा कोर्स देऊन सूज उतरवत राहणं म्हणजे उपचार नव्हे.

“ऑपरेशन म्हणजे अर्धा जबडा जाणार.”

मुलांच्या बाबतीत हे सहसा उलट असतं. वाढत्या हाडाची भरून येण्याची ताकद दांडगी असते. मोठी सिस्ट असेल तर सर्जन तिला फक्त एक खिडकी पाडतात, याला मार्सुपियलायझेशन म्हणतात. आतलं पाणी निघून जातं, दाब उतरतो, खिडकी बुजू नये म्हणून औषधी पट्टी किंवा छोटं बूच बसवतात. मग काम आईचं: सुई नसलेल्या सिरिंजने रोज ती पोकळी धुवायची, जेवणानंतर तर नक्कीच. काही महिन्यांत पोकळी आक्रसते, हाड भरतं, आणि आत अडकलेला दात अनेकदा स्वतःहून किंवा तारेच्या मदतीने जागेवर येतो. लहान गाठ असेल तर अस्तरासकट एकदाच काढून टाकतात.

काही वेळा तर सुरी लागतच नाही. जायंट सेल ग्रॅन्युलोमा नावाच्या गाठीत आधी रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड तपासतात, आणि गाठीत स्टिरॉइडची इंजेक्शनं देण्याचा मार्गही असतो. दोन्ही गाल फुगवणारा चेरुबिझम, ज्याचं वर्णन डॉ. जोन्स यांनी 1933 मध्ये केलं, 2 ते 5 वर्षांच्या वयात सुरू होतो आणि वयात आल्यावर बहुधा ओसरतो. तिथे घाईने कापाकापी करणं चूक.

“साधी होती, काढली, संपलं.”

केराटोसिस्ट नावाची गाठ काढल्यावरही पुन्हा उगवण्यासाठी बदनाम आहे, म्हणून वर्षानुवर्षं एक्स-रे काढत राहावं लागतं. शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात हे सगळ्यांत अवघड. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, हंगाम संपला की परत जातात, आणि पोराची फाइल कुठल्यातरी दवाखान्याच्या कपाटात राहते. ओपीजीची फिल्म, बायोप्सीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड ही कागदपत्रं कुटुंबाकडेच असली पाहिजेत, निदान मोबाइलमध्ये फोटो तरी.

शिरूरचं ग्रामीण रुग्णालय आणि दौंडचं उपजिल्हा रुग्णालय ही पहिली पायरी. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. तेव्हा मुलाचं तोंड उघडून दाखवा, न आलेल्या दाताबद्दल विचारा. पुढे पुण्यात ससून रुग्णालय आहे, तसंच कॅम्पातल्या आझम कॅम्पसचं रंगूनवाला, धनकवडीचं भारती विद्यापीठ आणि वडगावचं सिंहगड ही दंत महाविद्यालयं आहेत. शस्त्रक्रिया सुचवली, तर तारीख ठरवण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.